आत्महत्या प्रतिबंधाच्या संशोधनाला संस्था नक्की कशी मदत करतात? आणि ते पुढे कुणापर्यंत पोचतं का?

रेवा_लिहितेय

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आज धागा काढायची वेळ आलीये. विषय आत्महत्येचा आहे, तर ज्यांना आत्ता हे वाचणं जड जाईल त्यांनी खुशाल पुढे जा, आणि कुणी स्वतःच अडचणीत असाल तर धागाबिगा राहू दे, आधी हेल्पलाइनला नाहीतर जवळच्या कुणाला तरी फोन लावा.

तर झालंय असं की आमचा स्वयंसेवकांचा छोटा गट आहे, रजिस्टर्ड संस्था आहे, फोनवर लोकांचं ऐकून घ्यायचं काम करतो. एका देणगीदारांनी बऱ्यापैकी रक्कम देऊ केलीये पण अट अशी की पैसे आत्महत्या प्रतिबंधाच्या संशोधनालाच लागले पाहिजेत. त्यांच्या घरात असं घडलंय आणि 'असं का होतं ते कुणीतरी शोधून काढा' एवढंच त्यांचं म्हणणं. झालं, समितीत दोन तट पडले. एक म्हणतो आपल्याला रात्रीच्या वेळी फोनवर बसायला माणसं मिळवताना नाकी नऊ येतात, संशोधन कसलं करताय, पैसे परत करा. दुसरा म्हणतो मोठमोठ्या संस्था करतातच ना, मग आपणही करू. पण मोठ्या संस्था करतात म्हणजे नक्की काय करतात असं मी विचारलं तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघायला लागले आणि 'मग तूच माहिती काढ' म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं. (प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा, हा सगळ्याच समित्यांचा अलिखित नियम असावा.)

गुगल करून एवढं कळलं की अमेरिकेत एएफएसपी (अमेरिकन फाउंडेशन फॉर सुइसाइड प्रिव्हेन्शन) म्हणून संस्था आहे ती फक्त या विषयावरच्या संशोधनाला ग्रँट देते, ब्रिटनमधले समॅरिटन्स हेल्पलाइन चालवतात आणि अभ्यासही करतात. पण हे पैसे कुणाला द्यायचे हे ठरवतं कोण, त्यातून निघतं काय, आणि जे निघतं ते माझ्यासारख्या फोनवर बसणाऱ्या बाईपर्यंत कधी पोचतं का, की पीडीएफ होऊन कुठल्यातरी जर्नलमध्ये पडून राहतं? इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी वाचेन.

कागदी_होडी

रेवाताई, चांगला धागा. मी काही वर्षं एका आरोग्यविषयक चॅरिटीच्या ग्रँट विभागात होतो, मानसिक आरोग्य आणि आत्महत्या प्रतिबंध हा त्यातला एक भाग, तर पडद्यामागचं थोडं सांगतो.

संस्था आधी जाहीर करते की यंदा आम्हाला अमुक विषयावर अर्ज हवेत. मग संशोधक एकदोन पानांचा कच्चा आराखडा पाठवतात, त्यातून निवडलेल्यांना पूर्ण अर्ज करायला सांगतात. तो अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो, ज्यांचा अर्जदाराशी काही संबंध नाही असे, ते लेखी मत आणि गुण देतात, आणि मग एक समिती बसते. समितीत एखाद्याच्याच डिपार्टमेंटचा अर्ज आला की तो माणूस बाहेर जाऊन उभा राहतो, चर्चा संपली की आत येतो. बाहेरून हे हास्यास्पद वाटतं, पण याशिवाय विश्वास राहत नाही. आणि एक गोष्ट दरवेळी खरी ठरते, चांगले अर्ज पैशांपेक्षा नेहमीच जास्त असतात, म्हणजे कित्येक चांगल्या कल्पना नुसत्या वरच्या रेषेत न बसल्यामुळे जातात. निवड झाली की करार, मग इथिक्स कमिटीची परवानगी, ती आल्याशिवाय पहिला हप्ता सुटत नाही, मग दरवर्षी अहवाल. पैसा जातो कुठे म्हणाल तर मशिनरीवर वगैरे फारसा नाही, बहुतेक सगळा माणसांच्या पगारावर, मुलाखती घेणारा सहायक, डेटा नीट करणारा, आकडेवारीवाला.

आता चॅरिटीच का, सरकार का नाही? सरकारी पैसा मोठा असतो पण सावध असतो, आधी थोडं तरी सिद्ध झालेलं दाखवा म्हणतो. चॅरिटी छोट्या प्राथमिक अभ्यासाला, नुकती पीएचडी झालेल्या पोरापोरींना पैसा देऊ शकते, आणि त्यातून आलेला डेटा घेऊन तेच लोक पुढे मोठ्या फंडिंगला जातात. एएफएसपी १९८७ मध्ये सुरू झाली ती घरातलं माणूस गमावलेली कुटुंबं आणि शास्त्रज्ञ एकत्र येऊन, आणि त्यांच्याकडे पायलट ग्रँट, नव्या संशोधकांची ग्रँट, फेलोशिप असे वेगवेगळे कप्पेच केलेले आहेत. पैशाचा मोठा भाग येतो लोकांच्या 'आउट ऑफ द डार्कनेस' नावाच्या पदयात्रांमधून. म्हणजे कुणाच्या तरी आईनं चालून जमवलेला पैसा कुणाच्या तरी लॅबमध्ये जातो, हे मला अजूनही थोडं अचाट वाटतं.

पण एक कडू गोष्ट पण सांगतो. पैसे देताना जेवढं डोकं लावलं जातं त्याच्या निम्मंही निकाल आल्यावर लावलं जात नाही. मी पाहिलेल्या संस्थांमध्ये अंतिम अहवाल यायचा, कुणीतरी फाइल करायचं, फार तर एक पोस्ट टाकली जायची, संपलं. अर्जाच्या फॉर्ममध्ये 'निकाल कसे पोचवणार' असा एक रकाना असतो, त्यात सगळे एकच वाक्य लिहितात, पेपर छापू आणि परिषदेत मांडू. तुमचा शेवटचा प्रश्न आहे ना, तोच खरा प्रश्न आहे.

तिरकस_बाण

सगळं ऐकायला छान आहे हो, पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रात्री दोन वाजता फोन उचलायला माणूस नसेल तर तुमचं संशोधन काय चाटायचंय? आणि संशोधनातून एवढ्या वर्षांत मिळालं काय? २०१७ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून, निष्कर्ष काय तर कोण आत्महत्येचा प्रयत्न करेल हे ओळखण्यात आपण नाणं उडवून जेवढं बरोबर येईल त्याच्यापेक्षा जेमतेम बरे आहोत, आणि ५० वर्षांत त्यात काही सुधारणाही नाही. हे वाचून मी तर म्हणेन पैसे फोनवर बसणाऱ्यांना द्या आणि मोकळे व्हा.

आकडेमोड

बाणसाहेब, पेपर बरोबर सांगितलात, त्यातून काढलेला अर्थ मात्र उलटा आहे. जरा लांबण लावतो, पोटापाण्याचा विषय आहे माझा.

तो आढावा आला म्हणूनच तर 'याला जास्त धोका, त्याला कमी धोका' असे शिक्के मारत बसण्यातला फोलपणा कळला. ब्रिटनच्या नाइस या उपचारांविषयी सूचना काढणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सरळ लिहिलंय की पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला धोका मोजायच्या प्रश्नावल्या वापरू नका, आणि त्यांच्या गुणांवर कुणाला उपचार द्यायचे ते ठरवू नका. म्हणजे आधी ज्या माणसाला फॉर्मवर गुण कमी पडले म्हणून घरी पाठवत होते, त्याला आता तसं पाठवता कामा नये. हा फायदा नाही? काय चालत नाही हे कळायलाही पैसे लागतात.

आता हा विषय एवढा अवघड का ते बघा. डब्ल्यूएचओच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी ७ लाखांहून जास्त लोक आत्महत्येने जातात, १५ ते २९ वयोगटात तर मृत्यूच्या पहिल्या तीन कारणांत हे येतं. आकडा प्रचंड आहे. पण दर काढलात तर लाखामागे साधारण ९. म्हणजे तुम्ही वाटेल त्या १०,००० लोकांना वर्षभर धरून ठेवलंत तर त्यात सरासरी एकही मृत्यू पुरता होत नाही. मग तुमच्या उपायाने मृत्यू कमी झाले हे दाखवणार कसं? त्यासाठी एकतर लाखो माणसं हवीत, नाहीतर जिथे धोका फार जास्त आहे तिथे जायला हवं, म्हणजे नुकतेच दवाखान्यातून घरी गेलेले, नुकताच प्रयत्न करून वाचलेले. आणि गंमत अशी की नैराश्याच्या औषधांच्या कित्येक ट्रायलमध्ये वर्षानुवर्षं नेमक्या याच लोकांना बाहेर ठेवलं जायचं, जोखीम नको म्हणून. ज्यांच्यासाठी उत्तर हवंय त्यांनाच वगळून उत्तर शोधायचं.

त्यातूनही मार्ग काढलेले लोक आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचे जेरोम मोट्टो म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारलेले ८४३ लोक घेतले आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला काही नाही. दुसऱ्याला अधूनमधून चार ओळींचं पत्र, पाच वर्षं. पत्रात ना औषधाचा आग्रह, ना भेटीची वेळ, ना 'तुम्ही बरे आहात का' म्हणून भरायचा फॉर्म, फक्त तुमची आठवण आहे, काही कळवावंसं वाटलं तर आम्हाला आवडेल, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी होत्या. पूर्ण निकाल २००१ मध्ये छापून आला. मोट्टोंना ही कल्पना सुचली ती दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना एका ओळखीच्या मुलीची पत्रं यायची त्यावरून.

मग डब्ल्यूएचओने पाच देशांत अशीच एक ट्रायल केली, प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेले १,८६७ लोक, अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याशिवाय तासाभराचं बोलणं आणि नंतर दीड वर्ष मधूनमधून फोन किंवा भेट. दीड वर्षाअखेर आत्महत्येने गेलेले, नेहमीच्या गटात १८ आणि संपर्क ठेवलेल्या गटात २. हे २००८ मध्ये छापलं गेलं. पुढे झालेल्या अशा सगळ्या अभ्यासांत एवढा ठळक फरक दिसला नाही, निकाल संमिश्र आहेत, तेही सांगायला हवं. पण रेवाताई, तुम्ही फोन करता त्या पद्धतीचा विचार करा, समोरच्याने एकदा फोन केला की विषय संपला, की त्याची हरकत नसेल तर आठवड्याने तुम्ही उलटा फोन करता? हा निर्णय घ्यायला तुमच्या समितीला उपयोगी पडेल असं संशोधन ऑलरेडी आहे, पडून आहे.

आणि चॅरिटीचा पैसा 'वाया' गेल्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ च्या सुमारास शिखरावर असलेला आत्महत्येचा दर पुढच्या दहा वर्षांत निम्म्यावर आला. मग प्रश्न आला की बंदी न घालता घरोघरी कीटकनाशकं ठेवायला कुलपाचे डबे दिले तर चालेल का, कारण डबे वाटणं सगळ्यांनाच सोयीचं, उद्योगालाही. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या पैशातून तिथल्या १८० गावांत ट्रायल झाली, ५०,००० च्या वर घरं, तीन वर्षं पाठपुरावा. निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, डब्यांनी काहीही फरक पडला नाही. शून्य. आता हा निकाल कुणी दाबून ठेवला असता तर आज कितीतरी देश डबे वाटून 'आम्ही काम केलं' म्हणत बसले असते. नाही चाललं हे ठणकावून छापलं गेलं म्हणून बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांना बळ मिळालं. त्यामुळे कुठल्याही संस्थेला पैसे द्यायच्या आधी एकच विचारा, तुमच्या पैशाने झालेला पण फसलेला एखादा अभ्यास दाखवा. साइटवर सगळी यशच दिसली तर समजून जा.

निवांत

आकडेमोड, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

उन्हातली_सावली

बरेच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. माझा भाऊ असाच गेला. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. पण त्यानंतर मी एका संस्थेच्या 'अनुभवी सदस्य' गटात आहे, म्हणजे ग्रँटचे अर्ज तज्ज्ञांसोबत आम्हीही वाचतो, ज्यांनी कुणाला गमावलंय किंवा जे स्वतः त्यातून बाहेर आलेत असे. कागदी होडींनी हा भाग लिहिला नाही म्हणून भर घालते.

सुरुवातीला मला वाटायचं आपल्याला काय कळणार त्यातलं, आकडेवारीची पानं मी अजूनही सोडूनच देते. पण काही गोष्टी फक्त आम्हालाच दिसतात. एका अर्जात कुटुंबीयांना प्रश्नावली पाठवायचं वेळापत्रक होतं, मृत्यूनंतर तीन महिने, सहा महिने आणि बारा महिने, कॉम्प्युटरवरून आपोआप ईमेल जाणार. अर्ज वाचणाऱ्या चार प्रोफेसरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बारा महिने म्हणजे बरोबर वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या घरात ईमेल येणार, 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं' विचारत. मी एवढंच लिहिलं की तारीख सरकवा आणि ईमेलच्या आधी माणसाने फोन करावा. अर्जदाराने दोन्ही गोष्टी बदलल्या, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे उत्तरं देणारेही जास्त मिळाले असतील असा माझा अंदाज.

दुसरं म्हणजे, भाग घेतलेल्यांना निकाल कळवणं. मी स्वतः एका अभ्यासात मुलाखत दिली होती, तीन तास, रडत रडत. पुढे काय झालं मला कुणी कळवलं नाही. पेपर छापून आला असेल तर तो पैसे भरून वाचायचा. माझ्याच बोलण्यातून निघालेली गोष्ट मला विकत घ्यावी लागणार, छान आहे. त्यामुळे वेलकमसारख्या संस्था आमच्या पैशावरचा पेपर सगळ्यांना फुकट वाचता आला पाहिजे अशी अट घालतात ना, ती मला कागदी अट वाटत नाही.

आणि बाणसाहेब, तुमचा राग मला कळतो, मलाही तेच वाटायचं. पण भावाला मी कधी थेट विचारलं नव्हतं, कारण आमच्याकडे सगळ्यांचं मत असं की विचारलं तर डोक्यात भरतं. २०१४ मध्ये आलेल्या आढाव्यात या प्रश्नावरचे अभ्यास तपासले गेले आणि विचारल्याने विचार वाढतात असं कशातही दिसलं नाही, उलट थोडे कमी झाल्याच्या खुणा दिसल्या. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर, असं म्हणून उपयोग नाही. पण आता मी हे भेटेल त्याला सांगते.

तिरकस_बाण

सावलीताई, तुमच्यापुढे वाद घालणार नाही. वाचतोय.

डेस्कवरून

मी बातम्यांच्या धंद्यातला, तर 'शेअर करणं' या बाजूने लिहितो. इतर आजारांत संशोधन जितकं जास्त पसरेल तितकं चांगलं. या विषयात तसं नाही, इथे चुकीचं पसरवलं तर माणसं मरू शकतात, आणि हे मी भावनेच्या भरात नाही म्हणत. २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यानुसार प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतरच्या काळात आत्महत्या सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेल्या दिसतात, आणि बातमीत पद्धत सांगितली असेल तर ती पद्धत वापरणाऱ्यांचं प्रमाण त्याहून जास्त वाढतं. याची दुसरी बाजूही आहे, व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की एखादा माणूस टोकाच्या विचारांपर्यंत जाऊन त्यातून कसा बाहेर आला अशा बातम्यांनंतर आकडे खाली जाताना दिसतात. त्याला पापागेनो इफेक्ट म्हणतात.

त्यामुळे चांगल्या संस्थेत संशोधन पसरवणारा माणूस नुसता सोशल मीडियावाला असून भागत नाही. समॅरिटन्सकडे पत्रकारांना सल्ला देणारी वेगळी टीमच आहे, बातमी छापायच्या आधी फोन करून विचारता येतं. डब्ल्यूएचओची पत्रकारांसाठीची पुस्तिका २०००पासून आहे आणि २०२३मध्ये नवी आवृत्ती आली. आमच्या डेस्कवर येणाऱ्या प्रेसनोट मात्र बघा. 'अमुक असणाऱ्यांमध्ये आत्महत्येचा धोका दुप्पट', मोठ्या अक्षरात. कशाच्या दुप्पट ते कुठेच नाही. लाखामागे ९ चे १८ झाले तरी ९९,९८२ लोकांना काही झालेलं नाही, पण ज्या आईच्या मुलाला तो 'अमुक' आहे ती रात्रभर जागी राहणार. ज्या संस्थेची प्रेसनोट दुप्पट लिहायच्या आधी मूळ आकडा लिहिते ती संस्था मी मनात नोंदवून ठेवतो, आणि अशा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत. आणखी एक प्रकार म्हणजे एकच कारण. परीक्षेमुळे, ब्रेकअपमुळे, कर्जामुळे. या विषयावर काम करणारे ओरडून सांगतात की कारणं नेहमी गुंतलेली असतात, आणि हेडलाइनला एकच शब्द मावतो.

अवांतर: हेतू कितीही चांगला असला तरी गडबड होऊ शकते याचं उदाहरण म्हणजे समॅरिटन्सचंच रडार ॲप, २०१४ ऑक्टोबरअखेरचं. तुम्ही ज्यांना ट्विटरवर फॉलो करता त्यांच्या ट्वीटमध्ये निराशेचे काही ठराविक शब्द आले की तुम्हाला ईमेल यायची. मदत करता यावी ही कल्पना. पण ज्याचं ट्वीट तपासलं जातंय त्याला याचा पत्ताच नाही, आणि फॉलो करणाऱ्यांत त्याला छळणारेही असू शकतात, त्यांना तर आयतंच कळणार की हा आत्ता कमजोर आहे. ज्यांच्यासाठी ॲप होतं तेच लोक सगळ्यात जोरात विरोधात उभे राहिले. पंधरवडाही झाला नाही तोवर ते बंद करावं लागलं. सावलीताई म्हणतात तसे अनुभवी लोक आधीपासून पुरेशा संख्येनं खोलीत असते तर कदाचित हे आधीच कुणीतरी बोललं असतं.

रेवा_लिहितेय

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. आकडेमोड यांचा उलट्या फोनचा प्रश्न मी लगेच आमच्या ग्रुपवर टाकला तर तिथे आत्ता कडाक्याचं भांडण चालू आहे, कारण आमचा नियम आहे की आपण स्वतःहून कधीच फोन करायचा नाही, नंबर ठेवायचा नाही. हा नियम कुणी आणि का केला ते कुणालाच आठवत नाहीये.

आता खरा प्रश्न. आमच्यासारख्या छोट्या संस्थेनं या पैशाचं करायचं काय? दुसऱ्या तटातल्या एकांनी सुचवलंय की आपल्याकडे इतक्या वर्षांच्या कॉलच्या नोंदी आहेत, त्याच एखाद्या युनिव्हर्सिटीला देऊन टाकू, तेच आपलं संशोधन.

कागदी_होडी

नोंदींना हात लावू नका!! म्हणजे एकदम नाही म्हणत नाही, पण फोन करणाऱ्याला तुम्ही गोपनीयतेचा शब्द दिलाय, त्यानं संशोधनाला होकार दिलेला नाही. नावं काढली तरी लहान गावातला माणूस, वय, नोकरी, घडलेला प्रसंग यावरून सहज ओळखू येतो. एकदा का लोकांना कळलं की इथलं बोलणं बाहेर जातं की फोनच यायचे बंद होतील. फार तर महिन्याला किती फोन, कुठल्या वेळेला, साधारण कुठल्या विषयाचे, असे एकत्र केलेले आकडे, आणि तेही इथिक्स कमिटीच्या परवानगीने.

बाकी माझ्या मते तुमच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. एक, रक्कम पूर्णच्या पूर्ण अशा संस्थेला 'फक्त संशोधनासाठी' असं लेखी घालून द्यायची जिची निवड प्रक्रिया चालू आहे. स्वतः परीक्षक नेमून ग्रँट द्यायच्या भानगडीत पडू नका, छोट्या संस्थेला ते झेपत नाही आणि मग ओळखीच्या डॉक्टरला पैसे जातात. दोन, पैसा निकाल पोचवण्यावर लावा. जगातल्या आत्महत्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि संशोधन बहुतेक श्रीमंत देशांत, बहुतेक इंग्रजीत. एखादा माणूस अर्धवेळ नेमा जो महिन्याला एखादा पेपर निवडेल, आकडेमोडसारख्या कुणाकडून तपासून घेईल आणि फोनवर बसणाऱ्यांसाठी साध्या मराठीत दोन पानं लिहील, त्यात हे कुणावर तपासलं, किती जणांवर, काय दिसलं नाही, आणि आपण सोमवारपासून काही बदलायचं का, एवढं आलं पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' येईल, तेही लिहायचं.

तिसरी वाटही आहे पण ती लांबची. चेन्नईची स्नेहा बघा, डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केली, स्वयंसेवकांवर चालणारी, तुमच्यासारखीच ऐकून घेणारी. वर आकडेमोड म्हणाले त्या पाच देशांच्या ट्रायलमध्ये चेन्नईही होतं आणि त्या संशोधकांत याच बाई होत्या. पुढे गावात सगळ्यांची कीटकनाशकं एका सामाईक जागी कुलपात ठेवायच्या प्रयोगावरही त्यांनी काम केलं. म्हणजे हेल्पलाइन की संशोधन असं भांडण तिथे नाहीच. पण त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत आहे, एका देणगीत ते होत नाही.

आकडेमोड

दुसऱ्या वाटेला +१. तपासून द्यायला मी तयार आहे, फुकट. फक्त एक अट, फसलेले अभ्यासही घ्यायचे.

उन्हातली_सावली

त्या दोन पानांवर शेवटचा हात फिरवायला आमच्यासारखं कुणीतरी ठेवा. शब्द कुठे बोचतो ते आम्हाला पटकन कळतं. मी येईन.

तिरकस_बाण

आणि देणगीदाराला विचारलंत का कुणी? त्यांनी 'संशोधन' म्हटलं म्हणजे त्यांच्या डोक्यात मायक्रोस्कोप असेल. दोन पानं म्हटल्यावर फसवणूक झाली असं वाटायला नको. पैसे घ्यायच्या आधी लेखी घ्या.

रेवा_लिहितेय

बाणसाहेब, हे बरोबर बोललात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शनिवारी त्यांच्याकडे जातेय मी आणि आमच्या खजिनदार बाई. मोट्टोंच्या पत्रांवर एक नमुन्याची दोन पानं लिहून नेते, ती बघून त्यांना काय वाटतं ते कळेल, आणि त्यांना पहिल्या वाटेनंच जायचं असेल तर तसं, पैसे त्यांचे आहेत. आकडेमोड, कच्चा मसुदा गुरुवारी रात्री व्यक्तिगत निरोपातून पाठवू का? सावलीताई, तुम्हालाही पाठवते, पण घाई नाही, जमेल तेव्हाच उघडा.